दात लागलेला मणी

नानासो बावीस वर्षं पलटणीत होते आणि त्या बावीस वर्षांत देशातला एकही लबाड आपल्या नजरेतून सुटला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दिल्लीच्या स्टेशनाबाहेर टॅक्सीवाले तीन चकरा मारून शेजारच्याच गल्लीत कसे सोडतात, आग्र्याला मऊ दगड संगमरवर म्हणून कसा गळ्यात मारतात, जयपूरला रस्त्यावर पडलेली पितळी अंगठी 'तुमचीच का हो' म्हणत कशी पुढं करतात, हे सगळं त्यांनी सुट्टीवर आल्यावर हरणाबाईंना इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांना ते पाठ झालं होतं. ताजमहाल मात्र हरणाबाईंनी पाहिला नव्हता. हवालदाराच्या बायकोला देशातले ठग तेवढे ठाऊक होते, देश ठाऊक नव्हता.

पेन्शन सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली तरी बाहेर पडायचा विषय निघाला की नानासो म्हणायचे, "कशाला? लुटून घ्यायला?" शेवटी नात मध्ये पडली. सांगलीला नोकरी करणारी शिवांजली दिवाळीला गावी आली, तशी आजोबांसमोर बसली आणि म्हणाली, "आजीला एकदा तरी कुठं फिरवून आणा. न्हाईतर मी आजीला घेऊन जाते." नात बायकोला घेऊन जाणार म्हटल्यावर नानासोंची मान खाली गेली. ते तयार झाले.

हरणाबाईंना लांब जायचंच नव्हतं. त्यांचं माहेर सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. लहानपणी त्यांनी ती नदी अंगणात आलेली पाहिली होती. हीच नदी वाईला घाटाच्या पायऱ्यांशी शहाण्या पोरीगत वाहते, असं कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून ती बघायची होती आणि तिथल्या मोठ्या गणपतीला हात जोडायचे होते. बस्स. एका दिवसात जाऊन एका दिवसात परत, कारण लॉजवाल्यांवर नानासोंचा विश्वास नव्हता.

जायच्या आधीचे चार दिवस तासगावाजवळच्या त्या घरात मोहिमेची तयारी चालली होती. पैसे तीन ठिकाणी ठेवायचे. पत्ता कुणी विचारला तर सांगायचा नाही. कुणी काही हातात दिलं तर घ्यायचं नाही, प्रसाद असला तरी. आणि मुख्य म्हणजे अंगावर सोनं नको.

"मंगळसूत्र कपाटात ठिव. काळी पोत घाल गळ्यात," नानासो म्हणाले.

"आणि बोरमाळ?"

त्यावर नानासोंनी खिशातून एक पुडी काढली. जत्रेतून आणलेली खोटी बोरमाळ. तेवढेच मणी, तसाच रंग, मागं तसाच लाल गोंडा. "बघ. हुबेहूब हाय का न्हाई? खरी कपाटात, खोटी गळ्यात. चोर आला तर चोरच फसंल." स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की दोन्ही माळा शेजारी ठेवून त्यांनी मुलाला ओळखायला सांगितलं. विश्वजीतनं मोबाइलमधून डोकं न काढता "लय भारी" म्हटलं.

हरणाबाईंना ओळखायची गरज नव्हती. ती बोरमाळ त्यांना कुणी दिली नव्हती, ना माहेरानं ना सासरानं. नवरा सरहद्दीवर असताना त्या दर हंगामाला बेदाण्याच्या शेडवर जायच्या. उकिडवं बसून बेदाणा निवडायचा, देठ काढायचे, हिरवा वेगळा, काळा वेगळा. संध्याकाळी बोटं चिकट व्हायची आणि पाठ सरळ व्हायची नाही. हंगाम संपला की तासगावच्या सोनाराकडं जाऊन दोन मणी घ्यायचे आणि दोऱ्यात ओवायचे. एखाद्या वर्षी गारपिटीनं शेडं रिकामी राहिली, तर एकच मणी. अशी ती माळ भरायला कितीतरी हंगाम गेले. नानासोंनी सुट्टीवर आल्यावर ती पाहिली होती, पण मणी कधी मोजले नव्हते आणि कुठून आले हेही विचारलं नव्हतं.

त्यातला एक मणी चेपलेला होता. शिवांजलीला दात येत होते तेव्हा आजीच्या मांडीवर बसून तिनं माळ तोंडात घातली आणि कचकन चावली. आतून पोकळ मणी, बसला पोचा. सोनार म्हणाला, सरळ करून देतो. हरणाबाईंनी करू दिला नाही. शिवांजली कळती झाल्यावर आजीच्या कुशीत झोपायला यायची ती माळेवर बोटं फिरवत तो मणी शोधत झोपायची. "हा माझा," म्हणायची. "हा तुझा, आन् बाकीचेबी तुझेच. लग्नात घालीन तुझ्या गळ्यात," आजी म्हणायची. तो शब्द दिलेला होता.

निघायच्या दिवशी पहाटे हरणाबाईंनी मुकाट्यानं खोटी माळ घातली. देव्हाऱ्यापुढं निरांजन ओवाळताना त्यांचा हात थांबला. जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या गणपतीपुढं उभं राहायचं आणि गळ्यात खोटं घालून? देवापुढं जाताना अंगावर खोटं घालू नये, हे त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. नसलं तर नसू दे, रिकाम्या गळ्यानं जा, पण खोटं नको. बाहेर नानासो दाढी करत होते. हरणाबाईंनी कपाट उघडलं, माळ बदलली, पदर गळ्यापर्यंत घट्ट ओढला आणि कुलूप लावलं. घरी आल्यावर सांगू, असं मनाशी म्हणाल्या. चार शिव्या खाऊ.

एसटीत दोघांनाही अर्धं तिकीट. कंडक्टरनं नानासोंचं आधार कार्ड बघायला मागितलं तर त्यांनी ते हातात दिलं नाही, लांबूनच दाखवलं. कराड मागं पडलं तसे ते रंगात आले. "आता एक नवीन निघालंय. पेपरात रोज येतंय. दोघं जण मोटरसायकलवर येत्यात. आमी पोलीस हाय म्हंत्यात. म्होरं चोरी झालीया, दागिने काढून कागदात बांधून ठिवा. आपल्याच हातनं काढून घेत्यात, बांधत्यात, परत देत्यात. घरी येऊन बघावं तर आत खडं!" हे सांगताना त्यांनी मांडीवर थाप मारली. समोरच्या बाकावरची बाई दचकून उठली. हरणाबाई खिडकीतून उसाकडं बघत होत्या. पदराखाली मण्यांचा गारवा लागत होता. त्यांना आतापासूनच थकल्यासारखं वाटायला लागलं.

साताऱ्याच्या स्टँडवर चहा घेतला तो नानासोंनी आधी स्वतः चाखून मग पुढं केला. वाईत उतरल्यावर तीन रिक्षावाले विचारायला आले, तिघांशीही भांडण झालं आणि शेवटी दोघं चालत निघाले. नव्वद सालातला रुबाब नानासोंच्या पायात अजून होता, पण हरणाबाईंच्या गुडघ्यात नव्हता. वाटेत एकानं फोटो काढून देतो म्हटलं, त्याला हाकललं. एका बाईनं मुलगा हरवलाय, बघितलात का म्हणून विचारलं, तिलाही हाकललं. ती बाई रडायला लागली आणि पुढच्या वळणावर तिला तिचा मुलगा सापडला. नानासो म्हणाले, "त्यो तिचाच कशावरनं?"

देवळात मात्र हरणाबाईंना पाच मिनिटं मिळाली. नानासो बाहेर चपला राखत उभे होते. एवढा मोठा देव, काळ्या दगडाचा, सगळा गाभारा भरून बसलेला. हरणाबाईंनी पदर जरा सैल केला, माळ बाहेर काढली आणि देवाला दिसेल अशी धरली. मागायचं असं काही नव्हतं. शिवांजलीचं कुठं तरी चांगलं जमू दे, एवढंच. आणि मनात दुसरंही आलं, ते त्यांनी देवालाच सांगितलं, की हा माणूस एकदा तरी माझ्याकडं बघून हसू दे.

घाटावर नदी खरोखरच शहाणी होती. पायऱ्यांशी हळू लागत होती. खालच्या पायरीवर एक म्हातारी पेरूची पाटी घेऊन बसली होती. हरणाबाई टेकल्या तशी तिनं विचारलं, "कुठल्या गं बाई तू?"

"तासगावाकडची."

"आगं, माझं माह्यार तिकडचंच! भामा माझं नाव. चाळीस वर्सं झाली हिकडं येऊन." म्हातारीनं पाटीतला पिवळाधमक पेरू काढून हरणाबाईंच्या हातात ठेवला. "खा. माह्यारच्या मानसाकडनं पैसं घेत न्हाई मी."

"ठिव त्यो खाली," वरच्या पायरीवरून नानासो गरजले. "आधी माह्यार सांगत्यात, मग खायला देत्यात, मग गुंगी येती. ठिव म्हंतो न्हवं!"

हरणाबाईंनी पेरू परत पाटीत ठेवला. भामाबाईंनी पाटीवर फडकं ओढून घेतलं. हरणाबाईंना इतकी लाज वाटली की नदी बघायची राहिलीच. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी या माणसाची वाट पाहिली होती, त्याचं ऐकलं होतं, त्याच्या मागून चाललं होतं. कंटाळा मात्र पहिल्यांदाच आला. "चला," त्या म्हणाल्या. "घरला जाऊ."

घाटावरून स्टँडकडं जाणारी गल्ली दुपारची सुनसान होती. दारं लावलेली, एका ओट्यावर कुत्रं झोपलेलं. मागून मोटरसायकल आली आणि पुढं जाऊन आडवी उभी राहिली. त्यावरून खाकी पँटीतला, बारीक केस कापलेला एक धिप्पाड माणूस उतरला. दुसरा गाडीवरच बसून राहिला.

"ओ आजोबा, थांबा! साध्या कपड्यातले पोलीस आहोत आम्ही." त्यानं खिशातून एक कार्ड अर्धं काढलं आणि अर्ध्यावरच परत ठेवलं. "सकाळीच पुढच्या चौकात एका बाईच्या गळ्यातलं ओढून नेलं. साहेबांची ऑर्डर आहे, अंगावर दागिना दिसता कामा नये. काढा आणि कागदात बांधून ठेवा."

तेवढ्यात समोरून एक शर्ट-पँटवाला गृहस्थ आला. त्यालाही अडवलं. त्यानं निमूटपणे गळ्यातली साखळी काढून दिली, कागदात बांधून घेतली, "थँक्यू साहेब" म्हणाला आणि निघून गेला.

हरणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आता हे तोंडाचा पट्टा सोडणार, गल्ली गोळा करणार. पण नानासोंचा चेहरा उजळला होता. बावीस वर्षं पलटणीत आणि पंचवीस वर्षं पेपरात ज्याची वाट पाहिली तो आज चालत समोर आला होता, आणि तेही बायकोच्या गळ्यात खोटी माळ असताना. ते हरणाबाईंकडं वळले आणि त्यांनी डावा डोळा मिचकावला.

हरणाबाईंना आधी वाटलं, डोळ्यात काही गेलं. मग कळलं, हे ती माळ खोटी समजून त्या माणसाला देणार.

"बरूबर हाय सायेब," नानासो आवाज थरथरवत म्हणाले. "आमी खेड्यातली अडाणी मानसं. आमास्नी काय कळतंय? काढ गं ती माळ."

हरणाबाईंचा हात पदरावर गेला. "आवं, न्हाई."

"काढ काढ. सायेब सांगत्यात."

"आवं, खरी हाय ती!"

त्या ओरडल्याच. आणि ओरडल्यावर लक्षात आलं की ते नवऱ्यानं ऐकलं तसं त्या दोघांनीही ऐकलं. खाकी पँटवाल्याची नजर त्यांच्या गळ्याशी आली आणि तिथून हलेना. नानासोंना हसू आवरेना, ते खोकल्यासारखं करून त्यांनी दाबलं. "खरी हाय म्हंती, सायेब. लय जीव हाय तिचा तिच्यावर. नीट बांधा बरं का."

आणि ते स्वतःच हरणाबाईंच्या मागं गेले. गोंड्याची गाठ सोडायला लागले. त्या गाठीला त्यांचा हात कधी लागला नव्हता, त्यामुळं सुटेना. हरणाबाईंनी मागं हात नेऊन त्यांचं मनगट धरलं. "नगा. नगा आवं, पाया पडते तुमच्या."

"झ्याक," नानासो कानात कुजबुजले. "असंच रड."

गाठ सुटली. हरणाबाईंनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. कुणी नव्हतं. कुत्र्यानं मान वर केली आणि परत ठेवली. चोर म्हणून ओरडावं तर नवऱ्यानं दंड घट्ट धरलेला, आणि तो तर हसतोय. नानासोंनी आपल्या हातानं माळ त्या माणसाच्या हातात दिली. त्यानं कागद काढला, माळ ठेवली, घड्या घातल्या, पुडी नानासोंच्या हातात दिली, म्हणाला, "घरी गेल्याशिवाय उघडू नका." मोटरसायकल सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

नानासोंनी तिथंच ओट्यावर बसून पुडी उघडली. आत पाच खडे. ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, टोपी खाली पडली. "खडं! म्हटलं न्हवतं मी? आगं, ती लेकाची आता सोनाराकडं जातील! सोनार त्यास्नी हाणंल!"

"आवं," हरणाबाई म्हणाल्या. "ती खरीच हुती. मी पहाटं बदलली हुती. माझी खरी माळ गेली आवं."

नानासोंनी त्यांच्याकडं पाहिलं आणि दुप्पट जोरानं हसले. "बास की आता! गेली ती! लय झ्याक केलंस बघ. तुला तर नाटकात घ्यायला पायजे हुतं. 'आवं, खरी हाय ती!' आयला, मलाबी क्षणभर खरं वाटलं!"

हरणाबाईंनी तोंड उघडलं. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगायला लागणारा जोर आतून यायला पाहिजे होता, तो येईना. पहाटे तीनपासून त्या जाग्या होत्या, चालून चालून गुडघे दुखत होते आणि समोर हा माणूस त्यांच्याकडं बघून हसत होता. त्यांनी तोंड मिटलं.

पुढचे दोन तास जसे गेले तसे त्यांच्या संसारात कधी गेले नव्हते. नानासोंनी त्यांचा हात धरून त्यांना परत घाटावर नेलं. भामाबाईंकडून पेरू घेतले, आणि त्यांनाही गोष्ट सांगितली. त्यांनी पेरू तोलले आणि पैसे मोजून घेतले. रिक्षा केली, भाव केला नाही. हॉटेलात नेऊन मिसळ खायला घातली. "आनखी काय पायजे? सांग की," म्हणाले. हरणाबाईंनी देवाकडं जे मागितलं होतं ते देवानं दिलं होतं. मिसळ खाताना डोळ्यातून पाणी आलं, ते तिखटावर खपून गेलं.

परतीच्या एसटीत गोष्ट कंडक्टरला सांगून झाली. गावात आल्यावर पारावर, सोसायटीत, दूध डेअरीवर. दर वेळी ती थोडी वाढायची. मोटरसायकली दोन झाल्या, खाकी पँटवाल्याच्या कमरेला पिस्तूल आलं. पण शेवट तोच. नानासो उभे राहायचे, गळ्यावर हात ठेवायचे आणि बायकी आवाजात म्हणायचे, "आवं, खरी हाय ती!" आणि सगळे हसायचे. ते वाक्य गावाला इतकं आवडलं की शेजारच्या लीलाबाई नळावर घागर भरताना कुणी हात लावला की म्हणायच्या, "आवं, खरी हाय ती!" पोरंटोरं पत्ते खेळताना म्हणायला लागली.

हरणाबाईंना आता सांगायचं म्हटलं तरी सांगता येईना. कारण खरं सांगायला दुसरे शब्द नव्हते, आणि ते शब्द ऐकले की माणसं आधी हसायची. एकदा त्या विश्वजीतला म्हणाल्या, "आरं, ती माळ खरी हुती." तो हसत कामावर गेला. पोलिसांत जावं तर कुणाबरोबर जायचं? मग त्यांनी कपाटातली खोटी माळ काढून गळ्यात घातली. नानासोंनी बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "हां. आता खरी घातलीस. दिसती बघ." देवपूजा करताना हरणाबाई ती काढून ठेवायच्या आणि मग परत घालायच्या. दर वेळी गोंडा बांधताना त्यांना त्या गल्लीतले नवऱ्याचे हात आठवायचे आणि राग येण्याइतकीही ताकद उरली नाही असं वाटायचं.

माघात शिवांजलीचं जमलं. मलकापूरची माणसं, मुलगा शिवतेज फौजेत. त्यामुळं नानासोंची छाती आणखी दोन बोटं फुगली. सुपारी फोडायला पाहुणे आले, जेवणं झाली, पान फिरलं आणि मुलाच्या वडिलांनी, मधुकररावांनी, स्वतःहूनच विषय काढला. "नानासाहेब, ती वाईची गोष्ट सांगा की. शिवतेज म्हणत हुता, लय भारी हाय."

नानासोंनी सांगितली. उभं राहून सांगितली. "आवं, खरी हाय ती!" ला बैठकीतली माणसं लोळायची बाकी राहिली. हसू ओसरलं तसे ते म्हणाले, "आन् आता खरी बघा! हरणे, ये हिकडं. आज शुभदिवस हाय. लग्नापर्यंत कशाला थांबतीस? घाल ती माळ पोरीच्या गळ्यात."

हरणाबाई उठल्या. गोंडा सोडला. शिवांजलीनं त्यांच्यापुढं बसून मान वाकवली. नव्या साडीतून तिच्या मानेवरचे कोवळे केस दिसत होते. हरणाबाईंनी माळ धरलेले हात पुढं केले आणि ते पहाटेसारखेच थांबले. देवापुढं जमलं नव्हतं ते इथंही जमेना.

"ही खोटी हाय," त्या म्हणाल्या. "खरी त्या दिवशीच गेली."

बैठक हसण्यानं उसळली. मधुकररावांनी टाळी दिली. "वा वैनी! तुमीबी काय कमी न्हाई!" नानासो तर कौतुकानं सगळ्यांकडं बघायला लागले.

शिवांजली हसली नाही. तिनं आजीच्या हातातून माळ घेतली, मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून एक एक मणी बोटांतून सरकवायला लागली, लहानपणी झोपताना सरकवायची तसा. एक फेरा झाला. तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली. एव्हाना हसणारे एकेक करून थांबले होते.

"आजी," ती म्हणाली, "माझा मणी कुठाय?"

हरणाबाईंनी मान हलवली.

"कुठला मणी?" नानासोंनी विचारलं.

"दात लागलेला. मी चावलेला. तुम्हाला माहीत न्हाई, आजोबा?"

नानासोंना माहीत नव्हतं. त्यांनी माळ हातात घेतली, चष्मा लावला, दाराच्या उजेडात जाऊन मणी बघितले. गोंड्याजवळच्या दोन मण्यांचा मुलामा उडून आतलं पितळ दिसत होतं. तीन महिने ती माळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ते वळले तेव्हा त्यांचा आवाज कवायतीचा राहिला नव्हता.

"मंग तवाच बोलायचं न्हाई व्हय गं?"

"बोलले की," हरणाबाई म्हणाल्या. "दोनदा बोलले."

खोलीतल्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. प्रत्येकानं ते कधी ना कधी म्हटलं होतं. कुणी हसलं नाही. लीलाबाई दारात होत्या, त्या हळूच मागं सरल्या. नानासोंनी आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. गाठ त्यांनीच सोडली होती.

पाहुण्यांनी माळेवरून काही वाद काढला नाही. शिवतेजची आई म्हणाली, पोरगी दिली, आणखी काय पायजे. सुपारी फुटलेली होती, तारीख धरली, माणसं गेली. शिवांजली आजीच्या गळ्यात पडून रडली आणि मग तीच आजीला म्हणाली, रडू नको. हरणाबाई रडत नव्हत्याच.

दिवेलागणीला त्या मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या. नानासो आले. नेहमीसारखे खुर्ची घेऊन नाही, पायरीवरच बसले, शेजारी. खोटी माळ त्यांच्या मुठीत होती.

"उद्या ठाण्यात जाऊन तक्रार देऊ," ते म्हणाले. "वाईला जाऊ. मीच सांगतो सगळं, मीच दिली म्हणून."

"हूं."

"किती मणी हुतं?"

हरणाबाईंनी आकडा सांगितला नाही. नानासो खाली बघत म्हणाले, "कुठनं आनलं हुतंस? कवा आनलंस? मला कायबी ठावं न्हाई बघ. पयल्यापासनं सांग. मी ऐकतो."

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. शेड, चिकट बोटं, गारपिटीचं वर्ष, सोनाराचा काटा, नवऱ्याची पत्रं येत नव्हती ते हिवाळे. हरणाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना कळलं की आत्ता काही निघायचं नाही.

"उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "आज लय दमले."

"बरं," नानासो म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.